नुसत्या अक्षरांची प्रत

३ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांना आज संध्याकाळी सुचलं — दुकानाच्या ईमेल-पत्रात पडदे खाली, उशा वर. "वर म्हणजे कुठे?" — "वर म्हणजे वर. पत्र उघडलं की आधी उशी दिसली पाहिजे." पत्र जायचं गुरुवारी आणि हे मंगळवारी! त्यांना वाटतं, दुकानातल्या एका फळीवरून उचलायचं आणि दुसरीवर ठेवायचं, एवढंच काम आहे. एक चौकट हलवली की खालच्या चार घसरतात. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं सरळ, मालकांच्या फोनवर उशी ताणून लोडाएवढी, आणि कॅशवालीच्या जुन्या फोनवर उशीच्या पोटात पायपुसण्याची किंमत. बसले निस्तरत.

निघताना कॅशवाली म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. पंख्याखाली बसून पत्रं लिहायची." खरंच आहे. दर आठवड्याला शेकडो गिऱ्हाइकांना ईमेल लिहिते मी. मला कोण लिहितं? वीज कंपनी.

घरी येऊन टेबलाशी खुर्ची ओढली तर खालून ठक ठक ठक. खालच्या मजल्यावरच्या बाई. एकट्या राहतात, दिसत नाही म्हणे त्यांना, पण ऐकू येतं ते दोघांच्या वाटचं. आवाज झाला की छताला काठी. अजून मी बूडही टेकलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र गेलं. उशा वर.

एक गंमत केली आज. गंमत म्हणावी की आगाऊपणा, कोण जाणे. आमच्या प्रत्येक पत्राच्या दोन प्रती जातात. एक रंगीत — चित्रं, बटणं, 'आत्ताच घ्या', सगळा थाटमाट. तिच्या पाठीमागे चिकटून दुसरी, नुसत्या अक्षरांची. कुणाकडे रंगीत उघडलीच नाही तर रिकामं दिसू नये म्हणून. पण हल्ली सगळ्यांकडे उघडतेच. ती दुसरी कुणी बघत नाही. ती असते हेसुद्धा मालकांना माहीत नाही. मी आपली वरचाच मजकूर तिच्यात चिकटवून मोकळी होत असे.

आज तिच्या शेवटी चार ओळी माझ्या लिहिल्या. "उशी कितीही मऊ घ्या, स्वयंपाकघरातला नळ गळत असेल तर झोप येत नाही. माझा गळतो. दोनदा घरमालकाला सांगितलं. तो म्हणतो, बघू. इथे राहायला आल्यापासून सगळे मला 'बघू' म्हणतात, पण बघत कुणी नाही."

बोट बटणावर ठेवलं. मालकांनी पाहिलं तर नोकरी जाईल. पण पाहणार कोण? दाबलं.

६ फेब्रुवारी

कुणी काही बोललं नाही. विहिरीत ढेकूळ टाकलं आणि डुबुकसुद्धा ऐकू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पडद्यांचं पत्र. नुसत्या अक्षरांच्या प्रतीत पुन्हा माझ्या ओळी. आता भीड चेपलीय.

लिहिलं — "माझ्या खिडकीला पडदा नाही. पडद्याच्या दुकानात काम करते आणि खिडकी उघडी. समोर कुलूपवाल्याचं दुकान आहे, तो दिवसभर किल्ल्या घासतो. मला वाटतं, या रस्त्यावर माझ्याकडे रोज बघणारा तो एकटाच, आणि तोही किल्लीकडेच बघत असतो. खालच्या बाई काठीने छत ठोकतात. दिवसभरात मला उद्देशून कुणी काही केलं असेल तर तेवढंच."

वाचून पाहिलं तर हसू आलं. मग नाही आलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

भावाचा फोन. दर रविवारी करतो, कर्तव्याला चुकत नाही. "ताई, बरी आहेस ना?" — "बरी आहे." — "जेवतेस ना वेळेवर?" — "जेवते." — "बरं, ठेवतो हं, हिला बाहेर जायचंय." मी गॅसवर काही आहे म्हणून सांगायची तयारी करून बसलेली, ठेवायचं निमित्त आपल्याकडेही असावं म्हणून. त्याने आधी ठेवला.

नंतर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी आवाज येतो की नाही बघायला मोठ्याने म्हटलं, "भांडी घासायची आहेत." आवाज होता.

१७ फेब्रुवारी

नळवाला आला! मी बोलावलाच नव्हता. दारात पिशवी घेऊन उभा. "खालच्या आजींनी पाठवलंय. वरचा नळ गळतो म्हणाल्या. पैसे दिलेत त्यांनी." वॉशर बदलला, पाच मिनिटांत गेला.

म्हणजे माझ्या नळाचं टिपटिप खाली ऐकू जातं हिला. भिंतींना कान असतात म्हणतात, माझ्या घराच्या तर जमिनीला आहेत. स्वतःच्या पदरचे पैसे मोजून माणूस पाठवला, इतका त्रास होत होता! रागाने पैसे पाकिटात घालून तिच्या दाराखालून सरकवले. बोलायला गेले नाही. ऐकून घ्यायची ताकद नव्हती.

नळ बंद झालाय खरा. आता तोही आवाज नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पायपुसण्यांचं पत्र. रंगीत प्रतीत मालकांचं वाक्य — 'आपलं दार, आपलं स्वागत'. नुसत्या अक्षरांच्या प्रतीत माझं —

"स्वागत म्हणजे पायपुसणं नव्हे. दार उघडल्यावर आतून कुणीतरी 'आलीस का' म्हणणं. माझी आई म्हणायची. मी समोर उभी असायचे, तिला दिसत असायचे, तरी म्हणायची. मी चिडायचे — दिसतंय ना आले ते! आता रोज कुलूप काढताना क्षणभर थांबते. कशासाठी ते सांगायला नको."

हे लिहिताना डोळे भरून आले, आणि कॅशवाली नेमकी टाचणी मागायला आली. "काय गं?" — "काही नाही, स्क्रीनकडे बघून डोळे चुरचुरतात." — "चष्मा बदल," म्हणाली. टाचणी घेऊन गेली.

२० फेब्रुवारी

हद्द झाली. कुलूप काढलं, दिवा लावला, चपलाही नव्हत्या काढल्या — खालून ठक ठक. खुर्ची ओढली नाही, भांडं पाडलं नाही. आता चालायचंही नाही का मी?

२३ फेब्रुवारी

रोज. घरात पाऊल टाकलं की दोन ठोके. पूर्वी तीन असायचे, चांगले खडसावून. आता दोनच, जरा हळू. कंटाळली असेल तीन मारायचा.

२४ फेब्रुवारी

खुर्चीच्या चारी पायांना रबरी बुचं बसवली. टेबलालाही. चपला दाराबाहेर काढून मोजे घालून घरात फिरले, चोरासारखी, माझ्याच घरात. तरी ठक ठक.

समोरच्या कुलूपवाल्याला विचारलं, "खालच्या बाई अशाच आहेत का पहिल्यापासून?" म्हणाला, "चांगल्या आहेत हो. तुमच्या आधी वर कुटुंब होतं, मुलं नाचायची, त्यांना ठोकायच्या. आता तुम्ही एकट्या, तुम्हाला कशाला ठोकतील?" कशाला ते तिलाच विचार म्हणावं.

एक ठरवलं. त्या बाईला माझ्या चार ओळींत पुन्हा जागा नाही. घरात आहे तेवढी पुरे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी जिन्यात गाठ पडली. कठडा धरून उभी होती, पावलांवरून मला ओळखलं असणार. म्हणाली, "आज गुरुवार ना?"

"हो," म्हटलं.

"हं." आणि हसल्यासारखी उभीच राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी अंग चोरून खाली उतरले. वार विचारायला जिन्यात उभी होती की काय! पैशांचं पाकीट मिळालं का हेही बोलली नाही.

ऑफिसात दिवसभर चादरी. रात्री उलटी घातलेली चादर सकाळी लक्षात येते, तोवर कुणी सांगणारं नसतं, असं काहीतरी लिहून पाठवलं. आज ओळी जमल्या नाहीत.

५ मार्च, गुरुवार

मालकांनी एक सल्लागार आणलाय. पहिल्या तासातच मी त्याचं नाव 'टक्केवारी' ठेवलं. माणूस 'चहा घेतो' एवढंच टक्के न लावता बोलला. त्याचं म्हणणं — आमची पत्रं फार कमी लोक उघडतात. न उघडणाऱ्यांना पाठवत राहिलं की पुढे सगळीच पत्रं कचऱ्यात पडायला लागतात. हे खोटं नाही. उपाय — वर्षभरात एकदाही न उघडणाऱ्यांची नावं काढून टाकायची.

"मेलेली नावं," म्हणाला तो.

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "महिनाअखेर आकडा सुधारला तर हे काम आपल्याकडे. नाही तर बाहेर देऊ." हे काम म्हणजे मी.

मी म्हटलं, "उघडलं की नाही हे आपल्याला कळतं ते पत्रातल्या एका न दिसणाऱ्या ठिपक्याएवढ्या चित्रावरून. ते चित्र रंगीत प्रतीत असतं. नुसत्या अक्षरांची प्रत वाचणारा आपल्याला न उघडणाराच दिसणार."

टक्केवारी हसला. "मॅडम, नुसती अक्षरं आजकाल वाचतं कोण?"

मीच तर रोज तेच म्हणते. त्या भरवशावर तर माझं सगळं चाललंय.

१० मार्च, मंगळवार

नावं काढली. चारशेच्या वर निघाली. सवयीने एकेक डोळ्यांखालून घालायला लागले, मग सोडून दिलं. ईमेलच्या पत्त्यांना काय चेहरे असतात? सगळी खूण करून एका दाबात गेली.

जाताना त्यांना एक शेवटचं पत्र जातं. तेही मीच लिहिलं. विषय — 'एक छोटासा निरोप'. मजकूर — "आपण आमची पत्रं वाचत नाही, असं आमच्या लक्षात आलं आहे. आपल्याला उगीच त्रास नको, म्हणून यापुढे पत्र पाठवणार नाही. लोभ होता, तो राहू द्या." टक्केवारीला शेवटचं वाक्य आवडलं. 'मानवी स्पर्श' म्हणाला.

नुसत्या अक्षरांच्या प्रतीतही तेवढंच ठेवलं. माझ्या ओळी नाहीत. मेलेल्यांना काय सांगायचं.

१२ मार्च, गुरुवार

आकडा एकदम दुपटीच्या जवळ! मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. टक्केवारीने माझ्याशी हस्तांदोलन केलं. कॅशवाली कानात म्हणाली, "सुटलीस गं."

सुटले. पण आजच्या पत्राला माझ्या ओळी जोडायला बसले आणि हात चालेना. आता यादीत आहेत ते सगळे रंगीत बघणारे. ठिपक्यावरून सिद्ध झालेले. मग ती मागची प्रत कुणासाठी? आधीही कुणी नव्हतंच, पण नव्हतं हे नक्की ठाऊक नव्हतं. तेवढ्या फटीत मी बसले होते.

वरचा मजकूर चिकटवला आणि पाठवून दिलं.

१३ मार्च

ठोकलं नाही आज. वा! सुंठीवाचून खोकला गेला.

१६ मार्च

आजही नाही. कालही नव्हतं. बुचांचा गुण आला बहुतेक, उशिरा का होईना.

१७ मार्च

दार उघडून आत थांबले. दिवा न लावता. काही नाही.

आजारी तर नसेल? पण सकाळी रेडिओ ऐकू आला. काठी टेकत दाराशी आली-गेली तेही ऐकलं. मलाही आता तिच्यासारखं ऐकू यायला लागलंय.

१९ मार्च, गुरुवार

हे लिहायची लाज वाटते, पण इथे कुणापासून लपवायचं? आज घरी येऊन खुर्चीची बुचं काढली. चारही. आणि खुर्ची ओढली, भिंतीपासून टेबलापर्यंत, चांगली करकरत. मग परत भिंतीपर्यंत. थांबले. पुन्हा ओढली.

खालून काही नाही.

ज्या बाईचा एवढा राग केला, तिच्या काठीची वाट बघत खुर्ची ओढत बसले मी. माणसाला एवढी वेळ येऊ नये. जेवले नाही. बसून रडले, हुंदके देऊन, खाली ऐकू गेलं असेल तर जाऊ दे म्हणून.

२२ मार्च, रविवार

भावाचा फोन झाल्यावर उठले आणि खाली गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिची कडी वाजवली. निमित्त म्हणून नळवाल्याचा पत्ता विचारायचा ठरवला होता.

दार अर्धं उघडलं. लहान चणीची आहे, मला वाटायची त्याहून. मान एका बाजूला कलती, कान माझ्याकडे. "वरच्या ना?"

"हो. नळवाल्याचा—"

"ठोकत नाही मी आता," म्हणाली. "तुमचा निरोप मिळाला."

"माझा? मी कुठे काही—"

"मिळाला. बरं केलंत कळवलंत. मला आपलं वाटलं होतं... जाऊ द्या. म्हातारपणी माणूस काहीबाही समजून बसतं." आणि दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

जिन्यातच उभी राहिले. मी कधी निरोप पाठवला? कुणाबरोबर?

२३ मार्च

कुलूपवाल्याला विचारलं, तुम्ही काही सांगितलंत का खाली? शपथ घेतली बिचाऱ्याने. मग नळवाल्याच्या दुकानात गेले. तोही नाही म्हणाला.

२४ मार्च, मंगळवार

गेले परत. दार उघडताच म्हटलं, "मावशी, कुठला निरोप ते सांगा. त्याशिवाय हलणार नाही."

तिने फोन आणला, अंगठ्याने चाचपून बटण दाबलं. फोनमधल्या बाईच्या सपाट आवाजात ऐकू आलं — एक छोटासा निरोप. आपण आमची पत्रं वाचत नाही, असं आमच्या लक्षात आलं आहे.

"वाचत नाही म्हणे," म्हणाली. "कधीतरी एक चादर घेतली होती तुमच्या दुकानातून, तेव्हापासून येतात. भाच्याने फोन असा लावून दिलाय की नुसती अक्षरंच येतात, फोन ती वाचून दाखवतो. प्रत्येक गुरुवारी ऐकते मी. दोन-दोनदा."

मी म्हटलं, "पण मी लिहिते हे तुम्हाला..."

"गळका नळ, कुलूपवाला आणि छत ठोकणारी म्हातारी. एवढं सगळं आणखी कुणाच्या घरात असणार?"

काढलेल्या त्या चारशेंत आणखी किती जण असे कान लावून बसले असतील! उद्या सगळी नावं परत घालणार. आकडा पडला तर पडला, काम गेलं तर गेलं.

"आणि मग माझंच नाव काढलंत," ती म्हणत होती. "म्हटलं, रोजचं ठोकणं आवडलं नसेल तिला."

"मावशी, पण रोज का ठोकायचात? मी तर आवाजही करत नव्हते."

"अगं, तूच लिहिलं होतंस ना, कुणी विचारत नाही म्हणून. वर ओरडायला माझा आवाज पुरत नाही. काठी पुरते." तिने हातातली काठी दाराच्या चौकटीवर हळूच दोनदा आपटली. "आलीस का, म्हणून विचारायचे."

"आले," म्हटलं.